गिअरची जुनी मूठ

मांजरसुंब्याच्या घाटात आप्पांच्या गाडीचं इंजिन फुटलं, तेव्हा मी शेजारी बसून मोसंबी सोलत होते. आधी खालून कुणी हातोडा घातल्यासारखा आवाज झाला, मग पुन्हा एकदा, आणि मग मागे रस्त्यावर काळ्या तेलाचा पट्टा दिसायला लागला. आप्पांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि आत बघत उभे राहिले. इंजिनाच्या पोटाला मुठीएवढं भोक पडलं होतं. मी मोसंबीची फोड पुढे केली. "तुला कावून भूक लागती गं आसल्या टायमाला?" ते म्हणाले, आणि फोड खाल्ली.

आप्पा म्हणजे माझे वडील. सारी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून झाली, बहुतेक पाटोदा-बीड रस्त्यावरच. ही निळी फ्रेंच गाडी त्यांनी बीडच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. कंपनी तोवर देश सोडून गेली होती, सुटे भाग मिळत नव्हते, आणि अशा गाडीला कुणी विचारत नव्हतं. आप्पा मात्र स्टँडवरून येता-जाता तिच्याकडे बघायचे. "बसायला लई मऊ हाय," एवढंच कारण त्यांनी आईला दिलं. आईने उभ्या आयुष्यात इतकं कमकुवत कारण ऐकलं नव्हतं, तरी पहिल्या फेरीला तीच नवं लुगडं नेसून पुढे बसली. आता आई नाही, पण पुढच्या सीटवर टाकलेला तिने विणलेला रुमाल अजून आहे.

आमचं गाव पाटोद्याच्या अलीकडे, बालाघाटाच्या उतारावर. गावातल्या मुली तेव्हा जीपमध्ये नाहीतर टेंपोत बसून सासरी जायच्या, मागे भांड्यांचं बोचकं आणि पुढे वऱ्हाड. आप्पांची गाडी आली आणि तिच्यावर हे काम आपोआप पडलं. मुलगी आमच्या आळीतली असो की बौद्धवाड्यातली, तिला वाटं लावायची, सासरी पोचवायची म्हटलं की निरोप आमच्या घरी यायचा. उन्हाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या की लग्नं लागायची, आणि आप्पांना रजा टाकायला बरा मोका मिळायचा. पेट्रोलला म्हणून कुणी काही पुढे केलं तर ते त्याच पोरीच्या हातात ठेवायचे.

या कामाचा त्यांचा स्वतःचा एक नेम होता. नवरीची गाडी दारातून मागे घ्यायची नाही. आदल्या संध्याकाळीच ते मांडवासमोर गाडी नेऊन लावायचे, तोंड रस्त्याकडे करून. पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली, पोर बसली, की पहिला गिअर टाकायचा आणि निघायचं. "येकदा निगाली की निगाली. मागं घेतली की पोरीचं मन मागं ऱ्हातं," ते सांगायचे. हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही आणि गावात दुसरा कुणी पाळतही नव्हता, पण ड्रायव्हर आप्पा होते, त्यामुळे नेमही त्यांचाच चालायचा.

तो तोवर मोडला होता एकदाच, आणि तोही माझ्या लग्नात.

त्या साली पाणी नव्हतं. मी गाडीत बसले, रडून झालं, आणि बघते तर आळीच्या तोंडाला पाण्याचा टँकर आडवा. घागरी घेऊन निम्मं गाव त्याला लोंबकळलेलं. टँकरवाला म्हणाला, रिकामा झाल्याशिवाय हलणार नाही. सासरच्यांची चुळबुळ सुरू झाली, कुणीतरी मुहूर्ताचं बोललं, आणि आप्पांनी दात आवळून गाडी मागे घेतली आणि मारुतीच्या देवळामागून काढली. पुढे काही वर्षांनी मी परत आले. आणायलाही आप्पाच आले होते, हीच गाडी घेऊन. वाटेत त्यांनी मला एक शब्द विचारला नाही, फक्त चहाला दोनदा थांबले.

माझं लग्न का मोडलं हे मला नीट माहीत आहे. नवऱ्याला नोकरी करणारी बायको नको होती, मला त्याचा तापट स्वभाव नको होता, आणि त्याच्या आईला आम्ही दोघंही नको होतो. यात टँकरचा काही दोष नाही. मी पाटोद्याच्या शाळेत गणित शिकवते, असली बेरीज मला पटत नाही. पण आप्पा कधी कधी अंगणात बसल्या बसल्या मध्येच म्हणायचे, "त्या दिशी जरा थांबाया पायजे होतं." कशाबद्दल बोलतात ते मला कळायचं. मी चिडायचे, भांडी आदळायचे, आणि विषय तिथेच राहायचा.

म्हणून भावाच्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा घरात दोन लग्नांची तयारी सुरू झाली, एक तिची आणि एक गाडीची. भाऊ पुण्याला असतो, पण लग्न गावाकडेच, आमच्या दारात करायचं ठरलं होतं. मुलगा आष्टीचा. ही पोर चार वर्षांची असल्यापासून आप्पा तिला गाडीच्या टपावर बसवून सांगत आले होते की तुला मी नेऊन सोडणार. आणि मुहूर्त उन्हाळ्यातला निघाला न निघाला तोच घाटात इंजिन फुटलं.

भाऊ फोनवर म्हणाला, "आप्पा, भंगारात द्या आता. आपण एक पांढरी मोठी गाडी भाड्यानं करू, एसी असतो." आप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि उठून गेले. त्या रात्री जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीला हात लावला नाही. दुपारी मी ताट त्यांच्यासमोर आपटून म्हटलं, "काय करायचंय ते करा, पण खाऊन करा." तेव्हा कुठे ते जेवले, आणि टेंपोला बांधलेली गाडी घेऊन आम्ही दोघं बीडला मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्रीचं गॅरेज बीडमध्ये नगर रोडला, लिंबाच्या झाडाखाली. त्याचे वडील आप्पांच्या डेपोत मेकॅनिक होते, त्यामुळे तो आप्पांना नाही म्हणू शकत नव्हता. मात्र 'उद्या' हा शब्द तो जितक्या सढळ हाताने वापरायचा, तितका मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नाही. त्याने गाडीखाली सरकून पाहिलं, बाहेर आला आणि म्हणाला, "आप्पा, हे इंजन आता मिळनार न्हाई. मिळालं तरी त्याचं बी वय हेच. दुसऱ्या कंपनीचं टाकू, पन गिअरबॉक्सासगट टाकावं लागंल."

"गिअर कावून? माझा गिअर चांगला हाय," आप्पा म्हणाले.

"चांगला हाय, पन जुळनार न्हाई. इंजन एका घरचं अन् गिअर दुसऱ्या घरचा, आसा संसार न्हाई टिकत." मग त्याला माझी आठवण झाली आणि तो घाईघाईने म्हणाला, "मॅडम, गाडीचं बोलतोय मी."

"मग काय," मी म्हटलं, "गाडीचंच बोला." मला मनापासून हसू आलं, आणि आप्पा मात्र जमिनीकडे बघत राहिले.

त्यांचा गिअर चांगला वगैरे काही नव्हता. इतका झिजला होता की दांडा चमच्यासारखा कसाही फिरायचा, आणि आप्पांशिवाय कुणालाच तो लागत नसे. भावाने एकदा प्रयत्न केला होता, तर गाडीने असा आवाज काढला की आळीतली कुत्री उठली. मी बीडला ड्रायव्हिंग शिकले, लायसन काढलं, पण या गाडीच्या स्टेअरिंगला मला हात लावू दिला नव्हता. शाळेत मी स्कूटीवर जाते. "तिचा गिअर मलाच कळतो," हे ते ज्या सुखाने म्हणायचे, त्यावरून तो कधी दुरुस्त व्हावा असं त्यांना वाटत नसणार हे उघड होतं.

मिस्त्रीने नगरच्या भंगार बाजारातून एक जोडी आणली. मागून चेपलेल्या कुठल्याशा गाडीचं पेट्रोल इंजिन आणि त्याला जोडलेला गिअरबॉक्स. मग जे काम सुरू झालं ते मी शनिवारी अर्धी शाळा सुटली की बघायला जायचे. इंजिन साखळीला टांगून आत सोडलं तर बसेना, ज्यावर ते टेकतं ते पायेच वेगळे. मग जुने पाये कापून लेथवर नवे करून घेतले. चाकाकडे जाणारे दांडे एका टोकाला जुन्या गाडीचे आणि दुसऱ्या टोकाला नव्या गिअरचे असे जोडून बनवले. सायलेन्सर वाकवला, रेडिएटर सरकवला, वायरिंग तर अशी लोंबत होती की मला शेवयांची आठवण झाली. स्पीडोमीटरची केबल काही केल्या जुळली नाही, काटा शून्यावरच राहिला. "ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले, "मला काट्याची गरज न्हाई." इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत करून घ्यायला ते स्वतः गेले आणि तिथल्या रांगेत सगळ्यांना या गाडीची जन्मकथा सांगून आले.

आप्पा रोज सकाळच्या एसटीने बीडला जात होते. डबा मी करून द्यायचे, दोघांचा. त्यांच्या वयाची माणसं पारावर बसून गुडघ्यांवर बोलतात. हे मात्र संध्याकाळी हाताला ग्रीस लावून परत यायचे, आणि चेहरा असा की यांचंच लग्न ठरलंय. मी कपडे भिजत घालताना बोलायचे खूप, पण ती माझी सवय आहे. खरं सांगायचं तर आई गेल्यानंतर आप्पांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं, आणि मला ते फार आवडत होतं.

आणि मग मुठीचा प्रश्न निघाला.

नव्या गिअरच्या दांड्यावर काळी प्लास्टिकची मूठ होती आणि तिच्याखाली एक कडी. मिस्त्रीने समजावून सांगितलं. जुन्या गाडीत पहिला गिअर अगदी डावीकडे पुढे होता आणि मागे घेण्याचा उजवीकडे खाली. या नव्यात उलटं. अगदी डावीकडे पुढे गेलं की मागचा गिअर, आणि पहिला त्याच्या शेजारी. चुकून मागचा पडू नये म्हणून ती कडी. ती वर उचलल्याशिवाय दांडा तिकडे जातच नाही. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, खिशातून जुनी मूठ काढली आणि म्हणाले, "ही बशीव."

ती मूठ लाकडाची होती. मूळची फुटल्यावर त्यांनी बाभळीच्या तुकड्यातून सुताराकडून करून घेतलेली, आणि वर गिअरचा नकाशा स्वतः तापल्या खिळ्याने डागलेला. इतक्या वर्षांत त्यांच्या तळव्याने ती गुळगुळीत झाली होती.

"आप्पा, ही बसवायची तर कडी काढावी लागंल. अन् हिच्यावरचा नकाशा आता खोटा हाय."

"नकाशा माझ्यासाठी न्हाई. मला ठावं हाय कुठं काय हाय ते."

मी मध्ये पडले. "आप्पा, सुंभ जळाला तरी पीळ जाईना तुमचा. कडी राहू द्या की."

"साऱ्या जन्मात मी येक गिअर चुकलो न्हाई," ते म्हणाले, आणि हे खरं होतं. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. कडी निघाली आणि मूठ बसली.

गाडी सुरू झाली त्या दिवशी मिस्त्रीने पेढे वाटले. आवाज अगदी परका होता. आप्पा बॉनेटवर हात ठेवून ऐकत राहिले आणि म्हणाले, "बोलती वेगळं, पन बोलती." मिस्त्रीने चाचणीसाठी चावी माझ्यापुढे धरली, कारण त्याला जुन्या गिअरची सवय नसलेला हात हवा होता. आप्पा काही बोलायच्या आत मी बसले. बायपासपर्यंत गेले आणि आले. मला काहीच अडलं नाही. माझ्या हाताला जुनं काही विसरायचंच नव्हतं. शेजारी बसलेले आप्पा म्हणाले, "क्लच जरा दमानं सोड." एवढी स्तुती त्यांनी माझी कधी केली नव्हती. त्यानंतर लग्नापर्यंत गाडी रोज तेच चालवत होते, गावातून पाटोद्याला आणि परत, आणि एकदाही चुकले नाहीत. मुठीकडे बघत, ओठ हलवत, गिअर टाकत होते.

लग्न छान झालं. ऊन रणरणतं होतं, पण मांडवाला भावाने पुण्याहून मोठाले पंखे आणले होते आणि जेवणाला झणझणीत शिपीआमटी होती, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. निळी गाडी आदल्या संध्याकाळीच दारात लागली होती, तोंड रस्त्याकडे. आळीच्या तोंडाला आप्पांनी दोन पोरं उभी केली होती, कुणी आडवं येऊ नये म्हणून. झेंडूची माळ बॉनेटवर, लिंबं चाकांखाली. मागच्या सीटवर पोर आणि जावई, पुढे आप्पांशेजारी मी पाठराखीण म्हणून, आईच्या रुमालावर. पोर हमसून हमसून रडत होती. भाऊ खिडकीला धरून रडत होता. मी नाही रडायचं असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

आणि आप्पाही रडत होते. ते मी पहिल्यांदा पाहिलं. एवढ्या पोरी वाटं लावल्या, माझ्या वेळी फक्त दात आवळले होते. आज डोळ्यांना धारा. मुठीकडे बघणं राहिलं. डोळ्यांत पाणी असलं की हात आपल्या जुन्या वाटेनेच जातो. डावा हात अगदी डावीकडे पुढे गेला. कडी असती तर अडला असता.

गाडी मागे गेली. चांगली जोरात, मांडवाच्या आतपर्यंत. पाण्याचा ड्रम कलंडला, आचाऱ्याने उडी मारली, आणि गाडी आमच्या घराच्या पायरीला टेकून बंद पडली. कुणाला काही लागलं नाही. समोर मातीत दोन लिंबं आख्खीच्या आख्खी पडली होती.

बायकांचं रडणं एकदम थांबलं. नेम गावाला ठाऊक होता, आणि माझी गोष्टही. माझी थोरली चुलती म्हणाली, "पोरीला घर सोडवना झालंय, दुसरं काय," आणि दोघी-तिघी हसल्या, पण हसू लगेच विरलं. व्याही मनगटावरचं घड्याळ बघायला लागले. आप्पांचे दोन्ही हात मांडीवर होते. ते समोरच्या लिंबांकडे बघत होते, आणि अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाले, "माझ्याच हातनं. पुन्ना माझ्याच हातनं."

मला राग आला. टँकरचा, त्या मुठीचा, इतकी वर्षं अंगणात बसून उगाळलेल्या त्या एका वाक्याचा. बोलायचं ते मी आता सगळ्यांसमोर बोलले.

"आप्पा, मी मागं आले ती कुठं आले? तुमच्या घरी आले ना. माझं काही वाईट झालं न्हाई. मी सुखात हाय. तुमाला दिसत कसं न्हाई ते?"

मागून पोर नाक पुसत म्हणाली, "आजोबा, आत्यासारखं झालं तरी मला चालतंय की. पण आधी सासरी तर पोचवा."

या वेळी मांडव खरंच हसला, आणि व्याहीही हसले. आप्पांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मग गिअरची मूठ धरली आणि उलटी फिरवायला लागले. आटे घट्ट बसले होते, निघायला वेळ लागला. निघाली तशी त्यांनी ती खिशात टाकली, दार उघडलं, गाडीच्या पुढून वळसा घातला आणि माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

"सरक तिकडं, माय," ते म्हणाले. "मला बसू दे."

मी सरकले. ते आईच्या रुमालावर बसले. चुलतीने लिंबं उचलून पुसली आणि पुन्हा चाकांखाली ठेवली. मी चावी फिरवली, क्लच दाबला, नागड्या दांड्याला हात घातला, पहिला गिअर टाकला, आणि क्लच जरा दमानं सोडला. चाकांखाली लिंबं फुटल्याचं आम्हाला दोघांनाही कळलं.

आष्टीपर्यंत मीच चालवली. दांड्याचे आटे तळव्याला टोचत होते. मी गिअर बदलला की आप्पांचा डावा हात मांडीवर हलायचा, तो अजून जुन्याच नकाशाने. निम्म्या वाटेत त्यांनी विचारलं, "खरंच सुखात हायीस?"

"हाय की," मी म्हटलं.

"मग बरं," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने डोकं मागे टेकून झोपले. त्या गाडीत त्यांना झोपलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.